दलसिंग माणसं वाजवायचा

आमच्या नंदुरबारात आता कुणी दलसिंगचं नाव काढलं, की म्हातारी मंडळी डोळे मिटून मान डोलावतात. "मोठा कलावंत होता हो, गावाला कळला नाही." गाव म्हणजे कोण? हेच तर होते ते. यांनीच त्याला 'फुक्या' म्हणून हाका मारल्या, आणि तो मेल्यावर यांनीच वाचनालयात सभा भरवली. त्या सभेत एकालाही त्याची एक चाल धड गुणगुणता आली नाही.

मी कोण ते आधी सांगतो. कचेरीबाहेरच्या लिंबाखाली मी चाळीस वर्षं अर्जनवीस म्हणून बसलो. या गावातल्या अर्ध्या खोट्या तक्रारी माझ्या अक्षरात आहेत. दलसिंगवरची तक्रारही माझ्याच अक्षरात आहे. तेव्हा दुसऱ्यांवर थुंकताना काही शिंतोडे माझ्या धोतरावर उडतील, त्याला इलाज नाही.

दलसिंग सातपुड्यातल्या काठी गावाकडच्या डोंगरातला, भिल्लाचा. संवत छप्पनच्या, म्हणजे सन एकोणीसशेच्या, दुष्काळात त्याचे आईबाप चार दिवसांच्या अंतरानं गेले. मावशी त्याला पाठीशी बांधून डोंगर उतरली आणि तिनं त्याला मिशनच्या आवारात ठेवून दिलं, कारण तिथं खिचडी मिळत होती. मावशी परत गेली ती गेलीच. पोर तेव्हा तीन-चार वर्षांचं असेल. मिशनवाल्यांनी त्याला दानियल हे नाव दिलं, खाकी चड्डी दिली आणि प्रार्थना शिकवली. त्यांनी त्याला जगवलं, हे खरं आहे. आणि आपण जगवलं याची आठवण त्याला पुढची तीस वर्षं सकाळ-संध्याकाळ करून दिली, हेही तितकंच खरं आहे.

तो मोठा झाला तसा आधी मिशनची दमणी, म्हणजे छोटी बैलगाडी, हाकायला लागला, मग स्वयंपाकघरात गेला, मग विहिरीवरच्या तेलाच्या इंजिनावर. यंत्राचा आवाज ऐकून कुठला भाग दुखतोय ते सांगायचा. कान तेव्हापासूनच तसा होता. पण मिशनच्या मोठ्या मडमेला त्याच्या कानाशी देणंघेणं नव्हतं. तिला त्याचा आत्मा हवा होता.

अठ्ठावीस साली अमेरिकेतून कार्ल नावाचा एक तरुण साहेब मिशनची मोटार आणि इंजिनं सांभाळायला आला. त्याच्या पेटीत बायबलच्या खाली शर्ट होते आणि शर्टांच्या खाली तबकड्या. दुपारी मडम झोपली की हा इंजिनघराचं दार लावून घ्यायचा आणि चावीच्या फोनोवर त्या तबकड्या लावायचा. दलसिंग तेलाचा डबा घेऊन तिथंच बसलेला असे.

"हे कोण गातंय?" दलसिंगनं विचारलं.

"काळे लोक," कार्ल आपल्या मोडक्या मराठीत म्हणाला. "आमच्या देशात. त्यांना पकडून आणलं होतं, जहाजात घालून. ते कापूस वेचतात."

"कापूस?"

"कापूस. गोऱ्या माणसाचा."

"आणि हा म्हणतोय काय?"

"म्हणतोय, बाई निघून गेली, गाडी निघून गेली, मालक मात्र आहे तिथंच आहे." कार्लनं सांगितलं की या गाण्याला ब्लूज म्हणतात.

दलसिंग हसला. "एवढंच ना? आमच्याकडच्या म्हाताऱ्या धान्य पाखडताना हेच म्हणतात."

त्या तबकड्यांतल्या एकीवर गाणं नव्हतं, नुसता तोंडाचा बाजा होता. माउथ ऑर्गन. बाजा तसा नंदुरबारच्या बाजारातही मिळायचा, जर्मन बनावटीचा, पोरांच्या खेळण्यांशेजारी टांगलेला. पण त्या तबकडीतला माणूस बाजा वाजवत नव्हता, त्याच्यातून बोलत होता. आगगाडी स्टेशन सोडते, पुलावर चढते, लांब जाते, आणि मागे कुणी तरी रडतं, हे सगळं त्या वीतभर पत्र्यातून. कार्लकडे एक बाजा होता. त्यानं दलसिंगला त्यातलं मर्म दाखवलं: फुंकून सगळेच वाजवतात, हा बाजा आत ओढून वाजवायचा. श्वास ओढताना जिभेनं आणि गळ्यानं सूर खाली वाकवायचा, ओला बांबू वाकवावा तसा. कार्लला स्वतःला ते बेताचंच जमायचं. दलसिंगला महिन्याभरात जमलं.

कार्ल वर्षभरात परत गेला. मडमेला तबकड्यांचा सुगावा लागला होता, असं म्हणतात. जाताना बाजा दलसिंगला देऊन गेला. एवढी एक गोष्ट सोडली तर त्या आवारातल्या कुणी त्याला उपकार न मोजता काही दिलेलं मला ठाऊक नाही.

मग एका रविवारी पायपेटी वाजवणारा मास्तर तापानं पडला आणि भजनाला साथ कुणाची, असा प्रश्न आला. दलसिंग म्हणाला, मी करतो. त्यानं त्यांचंच भजन घेतलं, पण ओढून. पहिल्या कडव्याला म्हाताऱ्या बायका गायच्या थांबल्या. दुसऱ्याला डुलायला लागल्या. तिसऱ्याला एक म्हातारी मोठ्यानं रडायला लागली, आणि ती देवासाठी रडत नव्हती, दुष्काळात गेलेल्या आपल्या लेकीसाठी रडत होती. मडम उठून उभी राहिली. हे सैतानाचं काम आहे, म्हणाली. सगळ्यांसमोर माफी मागायला सांगितली.

दलसिंगनं मागितली. बाजा तोंडाला लावून, मडमेच्या आवाजात. तिचं ते नाकातून येणारं, प्रत्येक वाक्याच्या शेवटी वर चढणारं मराठी त्यानं जसंच्या तसं वाजवलं. शब्द एकही नाही, पण लहान पोरांनाही कळलं की मडम दानियलची माफी मागतेय. पोरं खिदळली. त्याच दिवशी दलसिंगला आवाराबाहेर काढलं. जाताना त्यानं दानियल हे नाव खाकी चड्डीबरोबर तिथंच ठेवलं.

त्याला काम मिळालं छगनलाल शेटच्या जिनमध्ये. कापसातून सरकी काढायचा तो कारखाना स्टेशनच्या अलीकडे होता. दलसिंग बॉयलरवर लागला. आत बायका ओळीनं बसून यंत्राच्या रुळांत कापूस सारायच्या. वरून एक मोठा चामडी पट्टा सगळी यंत्रं फिरवायचा. त्या बायकांत अक्कलकुव्याकडची भुरीबाई होती. हंगाम संपायच्या आत दोघांनी झोपडं बांधलं.

भुरीबाई बाजाला कधी भुलली नाही. ती म्हणायची, "तुन्हा बाजा नुसता लोकेसना चाळा करस. त्याले रोटला भाजता येस का?" तो हसायचा. त्याला वाटायचं, आपली खरी किंमत फक्त हिलाच कळलीय.

तोपर्यंत तो गावातल्या सगळ्यांना वाजवायला लागला होता. जिनच्या फाटकाशी, सुट्टी झाली की, दगडावर बसायचा. स्टेशन मास्तरची खाकर, भाजीवालीची आरोळी, सरकारी डॉक्टरचं 'जीभ दाखव', सगळं त्या बाजातून ओळखू यायचं. लोक पोट धरून हसायचे, जोवर दुसऱ्याला वाजवत असे तोवर. स्वतःवर आलं की म्हणायचे, भिल्लाला काय कळतं संगीतातलं. आमचा बॅन्डवाला तर म्हणाला, हे वाजवणंच नव्हे, ही नक्कल आहे. या बॅन्डवाल्याला वरातीत साधा ताल सांभाळता यायचा नाही.

हसवणं संपलं की दलसिंग स्वतःसाठी वाजवायचा. ते ऐकायला फारसं कुणी थांबत नसे. मी थांबलोय एकदोनदा. सातपुड्यातल्या रडगाण्याचा आलाप आणि त्या काळ्या लोकांची गाडी यांचं त्यात असं काही मिश्रण व्हायचं, की छातीत कुणीतरी मूठ आवळावी. मी मात्र तिथून उठून जायचो. संध्याकाळी जेवायच्या वेळेला कोण छातीत मूठ घेऊन बसणार?

सदतीसच्या हंगामात ती गोष्ट झाली. रुखमाबाई नावाची एक बाई यंत्रावर होती, नवरा नसलेली, दोन लेकींची आई. दुपारी तिच्या लुगड्याचा पदर रुळात गेला आणि पदरामागे उजवा हात. बायकांच्या किंचाळ्या ऐकून दलसिंगनं वाफ सोडली, यंत्रं थांबली, पण हात कोपरापर्यंत गेला होता. रुखमाबाई जमिनीवर पडली होती. पांढऱ्या कापसावर लाल पसरत चाललं होतं. छगनशेट गादीवरून उठून धावत आले. त्यांनी आधी वर पाहिलं, छताकडे.

"पट्टा तुटना का?" ते म्हणाले.

दारातल्या मुनिमानं मान हलवली. पट्टा शाबूत होता. तेव्हा कुठे शेटनी खाली पाहिलं आणि बैलगाडी मागवली.

मी छगनशेटना तीस वर्षं ओळखत होतो. ते काही राक्षस नव्हते. दुष्काळात त्यांच्या वडिलांनी पाणपोई घातली होती, ते स्वतः पाखरांना दाणे टाकल्याशिवाय जेवत नसत. म्हणूनच मला त्यांची जास्त किळस आली. राक्षसाकडून माणूस काही अपेक्षा तरी करत नाही.

त्या संध्याकाळी दलसिंग फाटकाजवळच्या दगडावर बसला आणि त्यानं ते वाक्य वाजवलं. पाच सूर. पहिले दोन घाईचे, मधले दोन खाली वाकलेले, शेवटचा धास्तावून वर गेलेला. त्यात छगनशेट पुरे होते: त्यांचा दमा, त्यांचा पानाचा तोबरा, त्यांचा जीव कशात अडकलाय ते. फाटकातून बाहेर पडणाऱ्या बायका थबकल्या. कुणी हसलं नाही.

हसले दुसऱ्या दिवशीपासून, आणि हसले ते गावातले. शेट पेठेतून निघाले की कुठल्या तरी दुकानातून शिट्टी यायची, तेच पाच सूर. टांगेवाले घोड्याला हाकताना ते म्हणायचे. शेटच्या घराण्याच्या सोयरिकीतल्या एका लग्नात वरातीतल्या कुणीतरी सनईवर ते फुंकलं. रुखमाबाईचं काय झालं, हे मात्र त्या शिट्टीवाल्यांपैकी एकानंही विचारलं नाही. ती दवाखान्यात होती. तिच्यासाठी भाकरी भुरीबाई नेत होती.

छगनशेट माझ्या लिंबाखाली आले. "तक्रार लिखो," म्हणाले. "हाऊ दलसिंग माले शिव्या देस."

"कुठली शिवी देतो, शेट?"

"बाजावर देस."

"पण शब्द काय? अर्जात शब्द लागतो."

शेटनी पानाचा तोबरा दुसऱ्या गालात सरकवला. शब्द सांगितला असता तर तो त्यांचाच निघाला असता. हे मला तेव्हाही कळत होतं. कळत असूनही मी बोरू उचलला आणि विचारलं, "पुढं काय लिहू, शेट?" मग मीच आपल्या अकलेनं लिहिलं: 'सदर इसम वाद्याद्वारे अर्जदाराची मानहानी होईल व शांततेचा भंग होईल असे अर्थपूर्ण ध्वनी काढतो.' अर्थपूर्ण ध्वनी! त्या दोन शब्दांचा मला आठवडाभर अभिमान वाटत होता.

फिरतीवरचे मॅजिस्ट्रेट त्या वेळी गावाबाहेरच्या आमराईत तंबू ठोकून होते. गोरेपान, पुण्याकडचे, दर वाक्याआधी 'वेल, वेल' म्हणणारे आणि खिशातलं घड्याळ उघडून मिटणारे. तंबूत जागा पुरेना इतकं गाव लोटलं. दलसिंग समोर उभा. रुखमाबाई बायकांत मागे होती, पदराखाली हाताचं थोटूक झाकून. दवाखान्यातून तिला सुटून चारच दिवस झाले होते.

"वेल, वेल, हे अर्थपूर्ण ध्वनी म्हणजे काय?" मॅजिस्ट्रेटनी अर्ज वाचून विचारलं. "काढून दाखव पाहू."

दलसिंगनं बाजा काढला, तळव्यावर आपटला आणि ते पाच सूर वाजवले.

तंबूत हशा पिकला. मॅजिस्ट्रेट स्वतः हसले, कारण त्यांनी नुकताच शेटचा जबाब ऐकला होता आणि आवाज ओळखीचा होता. मग त्यांनी विचारलं, "आवाज तुमचा आहे खरा. पण यात मानहानी कसली? हा बाजा म्हणतोय काय?"

छगनशेटनी खाली पाहिलं.

"सांगा ना. तुम्हीच तर फिर्यादी."

मॅजिस्ट्रेटनी गर्दीकडे पाहिलं. "कुणाला कळलंय हे?" सगळ्या गावाला कळलं होतं. जे महिनाभर शिट्ट्या मारत होते ते सगळे तिथंच होते. कुणी जोडे पाहू लागलं, कुणी आंब्याचा मोहोर. मीही टाक पुसत बसलो.

मागून आवाज आला, "माले समजनं, साहेब."

रुखमाबाई पुढे आली. तिनं पदर बाजूला केला. "मन्हा हात यंत्रमा गया. शेट उनात. मी खाले पडेल व्हतू. शेट म्हणनात, 'पट्टा तुटना का?' हाऊ बाजा तेच म्हणस."

छगनशेटच्या कपाळावर घाम आला होता. मला वाटलं, आता न्याय होतो. माझं वय तेव्हा पंचेचाळीस होतं आणि मी आयुष्यभर कचेरीच्या दारात बसलो होतो. असं वाटून घ्यायला मला लाज वाटायला हवी होती.

मॅजिस्ट्रेटनी घड्याळ उघडलं, मिटलं. त्यांची मुद्रा गंभीर झाली. ते शेटकडे वळले. "वेल, वेल... मग पट्टा तुटला होता की नव्हता?"

त्यांना खरंच कुतूहल वाटलं होतं, दुसरं काही नाही. रुखमाबाई तशीच उभी होती.

दलसिंगनं बाजा पुन्हा ओठांना लावला. तेच पाच सूर, पण या वेळी आधी 'वेल, वेल' वाकलं, मग घड्याळाचं झाकण टिचकलं, आणि मग छगनशेटचं वाक्य मॅजिस्ट्रेटच्या गळ्यातून निघालं, पुणेरी, स्वच्छ, थंड. एवढं हुबेहूब की शिपायानं दचकून साहेबाच्या तोंडाकडे पाहिलं.

छगनशेटची फिर्याद निकालात निघाली, पुरावा नाही म्हणून. पण चालू कामात न्यायासनाचा अपमान केल्याबद्दल दलसिंगला जागच्या जागी दंड ठोठावला गेला, न भरल्यास महिनाभर साधी कैद. दंड भरायला गावातून दोन जण पुढे झाले, कारण त्यांची करमणूक झाली होती. दलसिंग म्हणाला, "तुमना पैसा माले नको." तो धुळ्याला तुरुंगात गेला.

महिन्यानं सुटून आला तेव्हा स्टेशनवर हार घेऊन काही खादीवाले उभे. तुरुंगातून आला म्हणजे आपला, असा त्यांचा हिशेब. म्हणाले, आता देशासाठी वाजवा. त्यानं त्यांच्या पुढाऱ्याचं भाषण वाजवलं, खाकरण्यापासून टाळ्यांसाठी थांबण्यापर्यंत. हार परत गेला. मग छगनशेटच्या धंद्यातल्या एका वैऱ्यानं लग्नात बोलावलं, शेटला वाजव म्हणून. यानं पंगतीत यजमानालाच वाजवलं. तिथूनही हाकललं. मी भेटायला गेलो, दोन शब्द बरे बोलावेत म्हणून. त्यानं माझ्याकडे बघून बाजा उचलला. कागदावर बोरू कुरकुरतो तसं काहीतरी वाजलं आणि त्यामागून एक लाचार, ओशाळा सूर वर चढला: पुढं काय लिहू, शेट? मी उठून आलो. त्यानंतर दोन वर्षं मी त्या रस्त्यानं गेलो नाही.

त्यानं या तुच्छतेतून काय कमावलं म्हणाल तर काही नाही. जिनमध्ये परत घेणार कोण? तो स्टेशनवर गोण्या उचलायला लागला. भुरीबाई मिरच्यांच्या खळ्यावर जायची आणि रुखमाबाईला बरोबर न्यायची; रुखमाबाई डाव्या हातानं देठं खुडायला शिकली. घर चाललं ते या दोघींवर. माझं मत विचाराल तर दलसिंग गर्विष्ठ होता. गरिबाला न परवडणारा गर्व. पण ज्यांना परवडत होता त्यांच्यापैकी कुणाकडे तो नव्हता, हेही लिहून ठेवतो.

एकोणचाळीसला लढाई लागली आणि जर्मन माल बंद झाला. दलसिंगचा बाजा दहा वर्षांचा. आतल्या पितळी पात्या एकेक करून मरायला लागल्या. ओढून वाजवणाऱ्याच्या पात्या लवकर मरतात, म्हणे. सोनाराकडून त्यानं एक घासून घेतली, ती आठवडाभर टिकली. नवा बाजा सुरतेलाही मिळेना. आधी गाडी पुलावरून जायची थांबली, कारण पुलाचे खालचे सूर गेले. मग मडम गेली, मग स्टेशन मास्तर. उरलेल्या सुरांत जे मावेल ते वाजवायचा. चव्वेचाळीसपर्यंत सहा-सात छिद्रं तेवढी बोलत होती.

त्याच साली छगनशेटना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. मुलं मुंबईच्या डॉक्टरांना घेऊन आली, काही उपयोग झाला नाही. शेट अंगणात खाटेवर पडून राहायचे. दोन महिने गेले आणि एक दिवस शेटाणी उमरावबाईंनी दलसिंगला बोलावणं पाठवलं. मला हे ठाऊक आहे कारण बोलावणं घेऊन मीच गेलो होतो. शेटाणींच्या मृत्युपत्राच्या कामासाठी मी त्या घरी होतो.

मला वाटलं, तो येणार नाही. मी तर त्याच आशेनं गेलो होतो. तो आला.

उमरावबाई उंबऱ्यात बसल्या होत्या, घुंगट घेऊन. म्हणाल्या, "दलसिंग, या घरमा आवाज नही ऱ्हायना. तुले त्यासना आवाज येस. वाजाड."

दलसिंगनं खाटेवरच्या माणसाकडे पाहिलं. "माले त्यासनं एकच वाक्य येस, शेटाणी. ते तुमले बी माहीत शे."

"ते नको." त्यांनी घुंगट पुढं ओढला. "सकाळी अंघोळ व्हयनी की माले हाक मारेत. ती वाजाड."

"ती मी कधी ऐकी नही."

"मी सांगस तुले."

आणि मग ती बाई, जी परपुरुषासमोर चाळीस वर्षांत मोठ्यानं बोलली नव्हती, तिनं घुंगटातून आपल्या नवऱ्याची हाक काढून दाखवली. "उमराव... ए उमराव, पानी." दलसिंगनं वाजवून पाहिलं. "नही, 'ए' जरासा लांबट," ती म्हणाली. त्यानं लांबवला. एक सूर बाजात नव्हताच, मेला होता. तो त्यानं शेजारच्या सुराला वाकवून आणला. तीन दिवस रोज दुपारी जाऊन त्यानं ती हाक बसवली. तिसऱ्या दिवशी हाक वाजली तेव्हा उमरावबाई सवयीनं उठल्याच, माठाकडे वळल्या, आणि मध्येच थांबल्या. खाटेवर छगनशेटच्या डाव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. मुलगा धावत बाहेर आला, वडिलांना छळतोस म्हणून त्यानं दलसिंगला हाताला धरून बाहेर काढलं.

रस्त्यात मी त्याला गाठलं. खरं सांगतो, मला त्याचा राग आला होता. "ज्याच्यासाठी तुरुंगात गेलास त्याच्या दारात जाऊन बसलास?" मी म्हणालो. "रुखमाबाईला काय सांगशील?"

"तिलेच विचारीसन गवथू," तो म्हणाला.

"मग? ती काय म्हणाली?"

"म्हणनी, जाय."

एवढं बोलून तो चालू लागला. तो मऊ पडला, असं मी गावात सांगत फिरलो. आजही मला नक्की ठरवता येत नाही.

छगनशेट त्या पावसाळ्यात गेले. दलसिंगची छाती तोवर बॉयलरच्या धुरानं आणि कापसाच्या तंतूंनी भरली होती. सेहेचाळीसच्या उन्हाळ्यात तोही गेला. शेवटचे चार महिने बाजा ओढण्याइतका श्वास त्याच्यात नव्हता.

तो गेला आणि दारात दोन तट. मिशनचा पाळक आला, दानियल आमच्या वहीत आहे, त्याला आमच्या मातीत पुरा म्हणून. डोंगरातून कुणी लांबचे भाऊबंद आले, ज्यांनी त्याला कधी पाहिलं नव्हतं, तो आमचा म्हणून. भुरीबाईनं दोघांचं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "जित्ता व्हता तवय कोणी मांगा नही." तिनं, रुखमाबाईनं आणि स्टेशनवरच्या चार हमालांनी त्याला नदीवर नेलं.

तेराव्या दिवशी वाचनालयात ती सभा झाली. तिच्यात कोण काय बोललं ते सांगून मी जीभ विटाळत नाही.

अठ्ठेचाळीस साली एका जमिनीच्या कामासाठी अक्कलकुव्याला गेलो होतो. बाजाराचा दिवस होता. भुरीबाई चारोळ्यांची पाटी घेऊन बसली होती. नंदुरबार सोडून ती माहेरच्या मुलखात परतली होती. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि विचारलं, दलसिंगचं एखादं गाणं, एखादी चाल तुला येते का. माझ्या मनात होतं, कुणाकडून तरी लिहून घ्यावं.

"माले ते कधीच आवडनं नही," ती म्हणाली. तिनं पाटीवरची माशी हाकलली, माझ्यामागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "चारोळी लेवानी व्हई तं ले, नही तं बाजूले सरक."

मी पावशेर घेतली.